डावी घडी

बा, तुला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेल्यावर लिहिलं तरी टाकायचं कुठं. तरी आज कागद घेऊन बसलोय. गेल्या महिन्यात चारचौघांत, माइकवर, मी तुझ्याबद्दल एक वाक्य बोललो. ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ते वाक्य सांगायच्या आधी मला थोडं मागे जाऊ दे. पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाला मागे जायला फारसं निमित्त लागत नाही, हे तुलाही कळेल.

आपण नदी ओलांडली तो दिवस. उन्हाळा आहे, पैनगंगेत डोहांपुरतं पाणी. निजामाच्या हद्दीतल्या आपल्या गावात बाजाराची गल्ली जळून गेली आहे, रझाकार पुन्हा येणार अशी खबर आहे, आणि लोक हाताला येईल ते घेऊन इकडच्या काठाला लागताहेत. कुणाच्या डोक्यावर ज्वारी, कुणाच्या काखेत देव. तुझ्या खांद्यावर ऐरण. आईच्या कडेवर धाकटी आणि डोक्यावर भात्याच्या चामड्याची गुंडाळी. माझ्याकडे सांडशा, उन्हानं इतक्या तापलेल्या की मी त्या सदऱ्याच्या टोकात धरल्या होत्या. मोठेबा, तुझे थोरले भाऊ, तेवढे आले नाहीत. घराला कुणीतरी हवं म्हणून ते मागं राहिले. मधल्या वाळूत तुझा पाय रुतला आणि ऐरण खाली आली. तू तिच्याशेजारी बसलास, न उठणाऱ्या म्हशीशेजारी धनी बसतो तसा. आईनं मागं वळून पाहिलं. "ज्वारीचं पोतं टाकलं अन् हे घेतलं," ती म्हणाली. "लेकरं काय लोखंड चाटतील?" तू धोतराच्या सोग्यानं ऐरणीची वाळू पुसलीस आणि तिला पुन्हा खांद्यावर घेतलंस.

महागावच्या अलीकडच्या ज्या गावात आपल्याला गोठ्यात जागा मिळाली, तिथं आधीच एक लोहार होता. तू नारळ घेऊन त्याच्या दारी गेलास. दुसऱ्याच्या गावात भट्टी पेटवायची म्हणजे त्याच्या ताटात हात घालायचा, हे तुला कुणी सांगावं लागत नव्हतं. तू म्हणालास, भट्टी तुमची, गिऱ्हाईक तुमचं, मला फक्त घण मारू द्या. तो हसरा माणूस होता. तू डावखुरा, तो उजवा, समोरासमोर उभे राहिलात की दोन्ही हातोडे एकाच बाजूनं यायचे. तो म्हणायचा, "आपण दोघं मिळून एक पुरा माणूस झालो ना बाप्पा." आणि आपली ऐरण? ती गोठ्यात, गोणपाटात, आडवी. ऐरण खोडात बसवून खोड जमिनीत गाडलं की माणूस त्या गावचा झाला, असं आपल्यात धरतात. तुला या गावचं व्हायचं नव्हतं, तुला परत जायचं होतं. म्हणून त्या सगळ्या महिन्यांत तू तिला उभी केली नाहीस. अमावास्येला भट्टी बंद असायची, त्या दिवशी गोणपाट सोडायचास, करडईचं तेल लावायचास, सांडशा, छिन्न्या, कानस ओळीनं मांडून पुसायचास, हळदीचं बोट लावायचास आणि पुन्हा सगळं बांधून ठेवायचास. आई चुलीपाशी पीठ मळत हे बघायची. तेल भाजीला पुरत नव्हतं त्या दिवसांत. एकदा ती म्हणाली, "आज ऐरणीला फोडणी दिली, उद्या आपल्याला द्या." तू हसलास. इकडं आल्यावर तू हसलेला तेवढाच मला आठवतो.

मग सरहद्दीच्या कॅम्पातले, निजामाविरुद्ध लढणारे लोक आले. टोप्या, एकदोन बंदुका, धुळीनं भरलेले पाय. त्यांना नदीपलीकडच्या निजामाच्या नाक्यावर चालून जायचं होतं आणि भाले हवे होते. बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावा त्यांनी आणून टाकल्या, लोखंडाची सोय झाली म्हणाले. त्यांचा म्होरक्या तुझ्याकडे वळून म्हणाला, तुमचंच गाव आहे तिकडं, तुमचं घर जाळायला आले होते ते लोक, तुमच्या हातानं झालं तर बरंच. सगळं गाव भट्टीपाशी जमलेलं. मी पुढं होतो. शाळेत त्या वर्षी आमचे गुरुजी तलवारींच्या, रणवाद्यांच्या कविता असे म्हणायचे की छाती भरून यायची. त्या कवितांतला माणूस आता माझ्या घरात निघणार, अशा आशेनं मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो.

तू घण खाली ठेवलास आणि म्हणालास, "मला भ्या वाटतं. माझ्यानं नाही व्हायचं."

कुणी ओरडलं नाही, कुणी मारलंही नाही. नुसते हसले. गावच्या लोहारानं मान खाली घालून धाव भट्टीत सरकवली, आणि तुझ्या जागी घण मारायला त्याची बायको आली. तिनं आधी हातातल्या बांगड्या काढून ओट्यावर ठेवल्या, आपल्या बायका घण मारताना काढतात तशा. मग तुझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊजी, रिकाम्याच पडल्या हायेत. होतात का पाहा तुमच्या हाताले." त्या हशात तू गोठ्याकडं चालू लागलास. मी तुझ्यामागं आलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत एकानं विचारलं, "तुहा बा मुतला काहून बे?" मी त्याला मारलं नाही, कारण मलाही तेच विचारायचं होतं. कितीतरी दिवस मी तुझ्या ताटाशेजारी पाठ फिरवून जेवलो. तुला ते दिसत होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

खरं कळलं ते लढाई आटोपल्यावर. हिंदुस्थानची फौज तिकडं शिरली, चारपाच दिवसांत सगळं शांत झालं, आणि पावसाळा सरता सरता मोठेबा चालत आपल्या गोठ्यात आले. अंगानं अर्धे झाले होते. आईनं वाढलेली भाकरी हातात घेऊन त्यांनी सांगितलं. नाक्यावरच्या हल्ल्यानंतर रझाकारांनी तिथं पडलेले भाले गोळा केले आणि लोहाराचं घर शोधत थेट आपल्या दारात आणून टाकले. हे तुझ्या भावानं पाठवले, म्हणाले. मोठेबांना अंगणात बसवलं. शेजारच्या पिंजाऱ्याला बोलावलं, तो त्यांच्याच धर्माचा, त्याच्या शब्दाला वजन. त्यानं एकेक भाला उचलून पात्याची नळी पाहिली. दांडा जिथं बसतो तिथं पत्रा वळवून एकावर एक घडी घेतात ना, तू डावखुरा, तुझी घडी उलट्या अंगानं पडायची. विळा असो, खुरपं असो, आपल्या गावात लहान पोरही बोट फिरवून सांगायचं की हे कुणाच्या हातचं. पिंजाऱ्यानं शेवटचा भाला खाली ठेवला आणि म्हणाला, यांच्या भावाच्या हातचं काम नाही हे. याची घडी उजवी आहे. ते लोक निघून गेले.

मोठेबा हे सांगत होते तेव्हा तू चुलीतला निखारा सारखा करत होतास. आई तुझ्याकडं बघत राहिली. नंतर मला कळलं की तिलाही तू आधी काही सांगितलं नव्हतंस. तुझ्या घडीवरून मागं राहिलेल्या भावाला पकडतील हे गावात बोललं गेलं असतं, तर ते नदी ओलांडून रझाकारांच्या कानी गेलं असतं. म्हणून तू भ्यालो असंच सांगितलंस आणि तेच लोकांच्या तोंडी राहू दिलंस. भीती खोटी नव्हतीच, ती कुणासाठी होती एवढंच तू गिळलंस. त्या दिवशी तू मोठेबांना फक्त "अजून घे की भाकर" म्हणालास. पुढं तिकडचं घर पावसात पडलेलं बघून आलास, गावच्या लोहारानंच आग्रह केला, दोन घरांना पुरेल एवढं काम आहे म्हणाला, आणि तू कडुनिंबाच्या खोडात ऐरण बसवलीस.

आता ते वाक्य. मी तुझा धंदा घेतला नाही, जिनिंगमध्ये कारकुनी केली, रिकाम्या वेळी कविता पाठ केल्या. गावात मला त्यामुळेच ओळखतात. शाळेत काही असलं की आजोबांना बोलवा, ते म्हणतील. यंदा शाळेनं जुन्या वस्तूंचं दालन उघडलं, मी तुझी ऐरण आणि सांडशा दिल्या. कार्यक्रमाच्या दिवशी पोरांनी ऐरणीला झेंडूचा हार घातला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण मास्तरनं विचारलं, "आबा, मुक्तिसंग्रामातले भाले याच ऐरणीवर झाले ना?" त्याला कुणीतरी तसं सांगितलं असावं. मला नाही म्हणायचं होतं. समोर पोरं मांडी घालून बसलेली, डोळे मोठे केलेली. मी म्हणालो, "हो. माझ्या बापानं घडवले." आणि वर एक कविताही म्हटली, ठिणग्यांची, माझीच. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापक बाईंनी शाल घातली आणि जाहीर केलं की दालनात तशी पाटी लावू.

बा, ज्या ऐरणीवर तू एकही भाला होऊ दिला नाहीस, त्या महिन्यांत जी गोणपाटातून बाहेरही आली नाही, तिच्यावर मी भाले घडवले.

चार दिवसांनी मोठेबांच्या नातीचा फोन आला. नदीपलीकडं असते, दवाखान्यात परिचारिका आहे. कुणीतरी कार्यक्रमाचा व्हिडिओ तिला पाठवला होता. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. ती जपून बोलली. "काका, आमच्या घरी तर वेगळं सांगतात. आजोबा जिवंत राहिले ते तुमच्या बाबांनी भाले केले नाहीत म्हणून. आम्ही दसऱ्याला हत्यारं पुजतो तेव्हा त्यांचं नाव घेतो. माझ्या पोरीनं तुमचा व्हिडिओ पाहिला अन् विचारलं, मग खरं कोणतं?"

मी मग तिला म्हणालो, तुझंच खरं आहे बाई. वय झालं, डोक्यात सगळं एकात एक मिसळतं, मी विसरलो. तिचा आवाज लगेच मऊ झाला. गोळ्या वेळेवर घेता ना, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बाईंनाही तेच सांगितलं, आणि तुझी खरी गोष्ट सांगितली, पिंजाऱ्यासकट, उलट्या घडीसकट. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, म्हणाल्या, होतं आबा असं या वयात, मनाला लावून घेऊ नका. पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलं आहे की या ऐरणीच्या धन्यानं भाले घडवायला नकार दिला आणि त्यामुळे त्याचा भाऊ वाचला. पोरं ती वाचतात. मास्तर भेटला की मला हात धरून पायरी उतरवतो, मोठ्या आवाजात बोलतो. सगळे मला फार सांभाळून घेतात.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. एवढं तुला सांगायचं होतं, बा. माइक हातात होता तेव्हा मला सगळं आठवत होतं. तुझं तोंड, त्या बांगड्या, माझी जेवताना फिरवलेली पाठ. मी काही विसरलो नव्हतो.