होय महाराजा

अजिंक्यकाका,

देव्हाऱ्यामागे स्पीकर मीच ठेवला होता. आवाजपण माझाच, रिकाम्या हंड्यात तोंड घालून काढलेला.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मुंबईहून पालीला आलात आणि रोज सकाळी सगळ्यांना देवासमोर माइंडफुलनेसला बसवलंत. तेवढं चाललं असतं. पण आजोबा गाऱ्हाणं घालायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "बाबा, बोंबलू नका, देव बहिरा नाही." त्या दिवसापासून आजोबांनी गाऱ्हाणं घालायचंच सोडलं. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला सोडायचं नाही.

पाचव्या दिवशी सगळे डोळे मिटून श्वास मोजत होते. मी मोबाईलवर बटण दाबलं.

"बा देवा, या घरातलं गाऱ्हाणं जो कोण बंद करील, त्याला हगवण लागू दे रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला साथ द्यायची सवयच ना, सगळे ओरडले, "होय महाराजा!" सगळ्यात मोठ्याने तुम्ही, काका! दुपारी तुम्ही आमरस सोडून पेज मागितलीत, तेव्हा मला काय गार वाटलं!

आता आजोबा रोज खणखणीत गाऱ्हाणं घालतात. देव स्वतः आपल्या बाजूने बोलला, असं गावभर सांगतात.

हे पत्र मी टाकणार नाही. पण तुमच्या हाती लागलंच तर पाया पडतो, आजोबांना सांगू नका. कुणालाच सांगू नका.

तुमचा नाही, आजोबांचा,
रोशन