पिवळ्या शिवणीचे हातमोजे

प्रिय ठमे,

आधी बातमी, मग खुशाली. करार झाला! आपल्या प्रांत सरकारने आणि तुझ्या सासरच्या देशाने सह्या ठोकल्या. आपला हातमोज्यांचा कारखाना बंद पडता पडता राहिला. आता तिकडच्या शीतगृहांना हातमोजे पुरवायचे ते आम्हीच. फोनवर सांगितलं असतं, पण तू मला पुरतं बोलू देतेस कुठे? नको तो विषय निघाला की तुझी रेंज जाते. कागद मधेच तोडत नाही. चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू लहान होतीस तेव्हा माझ्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचीस. तीच शेड, तेच मशीन, आणि अंगठ्याला पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण अजून मीच घालते. पण मधे सगळंच लटकलं होतं. कापड तिकडून जहाजाने येतं. ते यायचं उशिरा, आम्ही बसायचो माश्या मारत. मग माल उशिरा पोचला की तिकडचे म्हणायचे, इकडच्या बायका आळशी. आमचे साहेब तिकडे जायचे, त्यांचे इकडे यायचे, फुलं देणं, फोटो काढणं, मैत्रीच्या नावाने मिठ्या मारणं. कापडाचं नाव मात्र काढायचं नाही, का तर पाहुण्यांना वाईट वाटेल! या वेळी शेवटची पाहणी होती. पसंत पडलं तर करार, नाहीतर शेडला कुलूप.

आदल्या दिवशी सरकारातून एक टायवाला आला. आम्ही त्याचं नावच टायसाहेब ठेवलं. म्हणाला, "पाहुणे उभे असेपर्यंत एकही मशीन थांबता कामा नये. आणि हसत राहा." बरं, म्हटलं. पाहुणे आले, त्यांची मुख्य एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. आणि आपल्या मंत्रीणबाईंनी शेडमध्येच भाषण सुरू केलं. काही केल्या संपेना. इकडे कापलेलं कापड संपलं. तुझी मावशी शेजारून कुजबुजली, "अक्के, आता काय शिवू, माझं डोकं?" मी म्हटलं, "मशीन थांबवायचं नाही ना? मग जे हाताला लागेल ते शिव." आम्ही तयार हातमोजे उचलले आणि त्यांची तोंडं शिवून टाकायला लागलो. अख्खी रांग. हसत हसत.

पाहुणीबाईने एक हातमोजा उचलला. हात आत जाईना. दुसरा उचलला, तोही बंद. मावशीला उचकी लागली. टायसाहेब पांढराफटक. मला काही राहवलं नाही. उठले आणि म्हटलं, "बाई, मशीन थांबवू नका असा हुकूम होता, म्हणून शिवलं. कापडच नाही, तर शिवणार काय? तुमचं जहाज वेळेवर येतं तेव्हा आमचा माल कधी चुकलाय का, विचारा." दुभाष्याने चार शब्दांत उरकलं. मी त्याला म्हटलं, "अरे, मी पातेलंभर बोलले, तू चमचाभर वाढलंस. बाकीचं कुठे ठेवलंस?" मग त्याने घाम पुसत सगळं सांगितलं.

आणि ती बाई हसली गं! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "दर वेळी आम्हाला सांगतात, सगळं उत्तम आहे. कापड उशिरा येतं हे कुणी बोललंच नाही." तिने स्वतःच्याच लोकांची तिथल्या तिथे हजेरी घेतली. आता कापडाचा साठा इथेच, आपल्या शेडमागच्या गोदामात राहणार. करारात तसं लिहून घेतलं. मंत्रीणबाई नंतर पत्रकारांना म्हणाल्या, "मोकळेपणा हाच आमच्या मैत्रीचा पाया." सगळ्यांत जोरात टाळ्या टायसाहेबाच्या. म्हटलं, वाजव बाबा.

आता खुशाली. पुढच्या महिन्यात सरकारी मंडळ तिकडे निघालंय आणि पाहुणीबाईने हट्ट धरला, त्या तोंडाळ बाईला आणा. म्हणजे मी. आमचे हातमोजे जिथे वापरतात ते शीतगृह दाखवणार आहेत. ते तुझ्याच गावच्या बंदरावर आहे, ठमे, मासे भरतात ते. मागे तू फोनवर दिसलीस तेव्हा तुझ्यामागे हीटरवर हातमोजे वाळत होते. अंगठ्याला पिवळी दुहेरी शिवण. माझी शिवण मी ओळखणार नाही? ऑफिसात बसते म्हणतेस ना, मग ते कशाला लागतात? आणि तू हात सारखे टेबलाखाली का ठेवतेस, तेही मला कळतं. बाबांना मी काही बोलले नाही. ते तूच सांग. तुझी आई काय गादीवर बसून पैसे कमावत होती, की तुला कामाची लाज वाटावी?

म्हणून हे पत्र. त्या दिवशी रजा टाकायची नाही. पोट दुखतंय, ताप आलाय, असलं काही चालणार नाही. रांगेत ताठ उभी राहा, आपले हातमोजे घालून. मी सरकारी पाहुणी म्हणून एकेकीचा हात हातात घेत येईन. तुझ्यापाशी आले की ते हातमोजे मीच काढीन आणि आधी तुझी बोटं बघीन. तिथे दुभाष्या लागायचा नाही.

तुझीच,
तोंडाळ आई