शोरूमच्या बाहेरचा हात

३ जानेवारी, शुक्र.
आप्पाची गाडी बसली. सकाळी बंगल्यावर गेलो तर पोर्चमध्ये मागची चाकं अंगाखाली घेऊन बसलेली, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. हिला मागे स्प्रिंगा नाहीत, हवेच्या फुग्यांवर तोललेली असते. दोन्ही फुगे गेले.

आप्पानं, माझ्या थोरल्या भावानं, केळीच्या चलतीत घेतलेली ही जर्मन गाडी. मी शाळामास्तर, अशा गाडीत ड्रायव्हरच्या जागीच बसणार. पण चाल काय होती. मंदाक्रांता. वर्गात नदीची कविता म्हणताना हात आपोआप हलायचा, तशी.

आप्पाचं उजवं अंग गेलं तेव्हा दवाखान्यात तो बाळूसमोर बोलला होता, "माह्यामागं गाडी मास्तरची. पण शोरूमच्या बाहेरचा हात लागला तिले, तर नाही." बाळू त्याचा मुलगा, केळीची अडत आता तोच बघतो. त्यानं मान हलवली होती. त्या हललेल्या मानेवर विसंबून दर रविवारी मी आप्पाला सावद्याच्या केळी दाखवून आणतो.

५ जाने., रवि.
फेरी नाही. आप्पा खुर्चीत, मी समोर उभा. बस म्हणाला नाही.
"मास्तर, तुह्या कवितेनं हवा भर आता."
बाळू हसला. मला म्हणे, नाना, भंगारात द्या, पत्रा तरी चांगला आहे. आप्पा म्हणाला, नाशिकला शोरूमला जाईल. बाळूनं टोइंगचा ट्रक सांगितला. सोबत मी. माझ्याशिवाय कोण रिकामं?

९ जाने., गुरु.
नाशिक. शोरूममध्ये कॉफीचं यंत्र, गारठा, नव्या चामड्याचा वास. गाडी घेतली त्या दिवशी इथेच आप्पाला फुलांचा गुच्छ, माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स. सगळं डोळ्यांपुढे आलं. आप्पा ज्यावर बसला होता तो सोफा आता नाही.

सल्लागार म्हणून एक तरुण. टॅब पुढे धरून म्हणाला, "अंकल, फुगे, कॉम्प्रेसर, वॉल्व्ह, सगळं बदलावं लागेल. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. ओनर कोण?"
भाऊ, म्हटलं.
"मग तुम्ही?"
बाळूला फोन लावला. आकडा ऐकून त्यानं स्पीकरवर टाकलं. मागे आप्पाचं खोकणं. बाळू म्हणाला, एक रुपया देणार नाही, आणा परत.

गाडी रात्रभर त्यांच्या आवारात. नव्या गाड्यांच्या ओळीत नाही, मागे, टायरांच्या ढिगाशेजारी.

१० जाने., शुक्र.
परत ट्रकवर. धुळ्याच्या अलीकडे आप्पाचा फोन. एवढा मऊ आवाज किती वर्षांत ऐकला नव्हता.
"मास्तर, धुळ्यात गॅरेज शे एक, असल्या गाड्याईचं. तिथं उतरव."
म्हटलं, आप्पा, शोरूमच्या बाहेरचा हात...
"मले रविवारी फिरायचं शे. मी सांगतो ना."
दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाला. उतरवली.

रामदास मिस्तरी, दाढी रंगवलेला, हातात सोन्याचं कडं. लाथेनं टायर दाबून बघतो. "नाना, शोरूमवाला बठ्ठं सामान फेकी देतस. फुगा काढी टाकू, स्प्रिंग टाकी देऊ. बैलगाडी व्हई, पण चाली."
बैलगाडी होईल, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं फक्त चालेल एवढंच.

१६ जाने., गुरु.
बसनं धुळ्याला. मिस्तरीचे पैसे मीच दिले. गाडी चार पायांवर उभी, मागून थोडी जास्तच वर. चालवत आणली. मंदाक्रांता गेली. आता भुजंगप्रयात, प्रत्येक खड्ड्याला मात्रा पडते. तरी पारोळ्यानंतर रस्ता गुळगुळीत लागला तेव्हा काच खाली करून मोठ्यानं कविता म्हटल्या. आठवतील तेवढ्या. टोलवरच्या पोरीनं विचारलं, आजोबा, गाडी तुमची का?
हो म्हटलं. म्हणून बघितलं.

१९ जाने., रवि.
आप्पाची जुनी रीत. केळीचा ट्रक पोचला की घडांवरचे काळे डाग बघायचा, डाग दिसले की ड्रायव्हरची मजुरी कापायचा. मोठी गाडी आल्यापासून तीच परीक्षा माझी. मागच्या सीटवर पिकलेल्या केळ्यांची फणी, शेजारी तो. सावद्याहून परत आलो की फणी उलटून बघणार. आजवर कधी डाग नव्हता.

आज प्रत्येक ब्रेकरला मागून 'आई गं'. मी जिवापाड हळू. बंगल्यावर त्यानं फणी मांडीवर घेतली, डाव्या हातानं एकेक केळं दाबलं. बाळू, सूनबाई, गडी, सगळे पोर्चमध्ये.
"काळं पडलं. कोणी हात लावला माह्या गाडीले?"
म्हटलं, आप्पा, तूच फोन केलास.
"मी? बाळू, मी फोन केला होता का रे?"
बाळू मोबाईलमध्ये बघत म्हणाला, मला काय माहीत.
"शोरूमच्या बाहेरचा हात लागला. बोली काय होती मास्तर? पाठांतर चांगलं शे ना तुह्यं. म्हण."
म्हटली. सगळ्यांसमोर, अक्षर न चुकता.
"आता हे खा." डागाळलेलं केळं पुढे केलं.
खाल्लं. गोड होतं.

२० जाने., सोम.
पिंप्राळ्यात घरी सौ. म्हणाली, "तुम्हाला ती गाडी कधीच मिळणार नव्हती. ते तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत होतं." आणि भाजी चिरत राहिली. सांत्वन म्हणून म्हणाली असेल.
फोन मऊ आवाजात का केला असेल? मी पडावं म्हणून? की खरंच फिरायचं होतं आणि नंतर

२४ जाने., शुक्र.
बाळूचा फोन. गाडी रामदास मिस्तरीला दिली. तो सुटे भाग काढून विकणार. पोचवायची उद्या. मी.
"आप्पाही येणार आहेत तुमच्यासोबत."
कशाला?
"म्हणाले, मास्तर किल्ली देतो ते बघायचं आहे."

२५ जाने., शनि.
हे गाडीतच लिहितोय, हिशेबाच्या पावतीच्या मागे. घरी उतरवेन. किंवा नाही.

निघाल्यापासून आप्पा पुढच्या सीटवर, खुशीत. एरंडोलपर्यंत बोलतच होता. मला मॅट्रिकला कमी मार्क पडले ते. बाबांनी जमीन त्याला का दिली ते. "तुले काही द्यायचं म्हटलं की वाटे, दिलं तर ठेवशील कुठं?" मी ब्रेकर पाहिले नाहीत. पाहिले. हळू घेतले नाहीत. त्यानं दाराची कडी धरली, बोलणं थांबवलं नाही.

पारोळा मागे टाकल्यावर म्हणाला, थांबव, लघवीला जायचंय. हायवे सोडून शेताच्या वाटेला गाडी घेतली. बगलेत धरून उतरवलं, सगळं आवरून दिलं, शेतातल्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. म्हटलं, बस, रुमाल आणतो.
गाडीत येऊन बसलो. काठी मागच्या सीटवर. त्याचा फोनही.

ऊन चांगलंच चढलंय. आजूबाजूला तुरीचे खुंट, माणूस नाही. आधी त्यानं हाका मारल्या, मास्तर, मास्तर. मग, खूप वर्षांनी, माझं नाव. आईनं ठेवलेलं. ऐकायला बरं वाटलं. आता डाव्या हातानं कठडा धरून उठायला बघतोय.

फोन वाजला. बाळू. वाजून थांबला.
इंजिन चालू आहे. अजून काच वरच आहे.