नावावरची रेघ

उदयदादा,

स्पर्धेचा पॉवर सप्लाय टेबलावर टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. बारा व्होल्टपर्यंत नीट देतो, दोन तास चालवून बघितला. ट्रान्सफॉर्मर आपल्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचा आहे. फॉर्मवर तुझंच नाव आहे, मी बदललेलं नाही.

मागच्या वर्षी वाशीला परीक्षकांनी "ही कोण?" विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "बहीण आहे, मला सोल्डर धरून देते." मी मागेच उभी होते. तिथे मिळालेला कप आईने टीव्हीवर ठेवला. वर्षभर त्याची धूळ मी पुसली, आणि दर वेळी तुझं ते वाक्य आठवून पुसली.

यंदा परीक्षकांना झाकण उघडून दाखवायचं आहे. नियम तू वाचला नसशीलच. पीसीबीच्या तांब्याच्या प्लेटवरच्या रेघा मी आईच्या नेलपॉलिशने काढल्या, ज्याला तू हसायचास. फेरिक क्लोराइडमध्ये बाकीचं तांबं विरघळलं, नेलपॉलिशखालचं राहिलं. ती बाजू वर ठेवूनच प्लेट बसवली आहे. झाकण काढलं की तांब्याच्या अक्षरांत 'राजलक्ष्मी' दिसेल.

ब्लेडने खरवडायला जाशील, म्हणून सांगते. नावाच्या डोक्यावरची रेघ हीच प्लसची लाइन आहे. ती तुटली तर एक व्होल्टसुद्धा बाहेर येणार नाही.

पोहे झाकून ठेवलेत. मी पुढे निघाले, पहिल्या रांगेत बसेन. हे नाव कुणाचं असं विचारतील, तेव्हा मोठ्याने सांग.

खाली सही करत नाही. आत केली आहे.