फक्त मलाच दिसणारी पत्रं

देवास,
१२ जानेवारी २०२६

ती. अक्का,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. टेकरीच्या पायथ्याची तीच खोली, तीच खिडकी, तेच डुगडुगणारं टेबल. तुमच्या खातेगावचा गहू कसा आहे? भास्करभाऊजींचा खोकला गेला का? हातानं लिहिलेलं पत्र बघून तू आधी पोस्टमनकडे बघशील आणि मग पाकिटाकडे. शाळा हिंदीची, त्यामुळे माझं मराठी कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. चुका काढायच्या तर काढ, पण शेवटपर्यंत वाच. हे सगळं फोनवर चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. म्हणून कागद घेतला.

नोकरी चाललीय. मी नक्की काय करते हे तुला अजून कळलेलं नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही. भांड्यांची कंपनी पुण्यात, मी देवासात. कंपनीच्या इन्स्टाग्रामवर तवे-कढयांचे फोटो टाकायचे आणि खाली लोक जे लिहितात त्याला उत्तरं द्यायची. कुणी लिहिलं, ‘तव्याला डोसा चिकटतो,’ की पाच मिनिटांच्या आत ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो.’ सहावं मिनिट लागलं की आमचे साहेब, पियूष, इंदूरहून फोन करतात. कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी बायकांना मी पाच मिनिटांत उत्तर देते. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

शिवाय घरून काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना स्वतःच्या नावाचं एक पान चालवावं लागतं. ऑफिस नाही, तर माणूस काम करतोय हे दिसणार कुठे? मग टेबलाचा फोटो, कॉफीचा कप, खाली चार शहाणपणाच्या ओळी. ते बघून कंपन्या कामं देतात. याच पानावर, माझ्या फोटोंखाली, बाबा लिहायचे.

तू ते कधी वाचलं नसशील. कमेंट म्हणजे दोन शब्द आणि एक हसरा चेहरा, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते पत्र लिहायचे. ‘चि. जान्हवीस अनेक उत्तम आशीर्वाद. फोटो पाहिला. कप दिसला, ताट दिसले नाही. जेवतेस ना? येथील सर्व क्षेम. उत्तर सवडीने दे. – बाबा, धार.’ प्रत्येक फोटोखाली एक. टेबल असो की कप, आशीर्वाद ठरलेला.

मग एक दिवस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पियूष म्हणाले, “जान्हवी, ये धारवाले अंकलजी कौन हैं भिया? क्लाइंट पूछ रहा है, आपके यहाँ आशीर्वाद का अलग से चार्ज है क्या?” सगळे हसले. मीही हसले. आणि म्हणाले, “कोई दूर के रिश्तेदार हैं.”

अक्का, आपल्या बाबांना मी दूरचे नातेवाईक म्हटलं. पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे.

त्याच दुपारी मी एक सेटिंग केलं. त्यानं माणूस लिहीत राहतो, त्याला वाटतं सगळं नेहमीसारखंच चाललंय, पण ते इतरांना दिसत नाही. मलाही आपोआप दिसत नाही. फोन वाजत नाही; झाकलेली एक ओळ असते, ती दाबली तरच उघडते. बाबांना मी एवढंच सांगितलं, “तुमचं लिहिलेलं आता फक्त मलाच दिसेल.” ते इतके खूश झाले! म्हणाले, “म्हणजे पोस्टकार्डाचं पाकीट झालं म्हण की! आता मोकळेपणानं लिहिता येईल.” मी हो म्हटलं.

पहिले चार दिवस ती ओळ दाबून वाचलं. मग काम वाढलं. मग विसरले.

रविवारी फोन व्हायचा, पण त्यांना ऐकू कमी, फोन स्पीकरवर, आणि उर्वशीवहिनी शेजारच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे बोलणं हवापाण्याचंच. बाकीचं ते लिहीत होते.

बाबांच्या दहाव्याला घाटावरून आल्यावर मी धारच्या माडीच्या जिन्यात बसले होते. रडू येत नव्हतं. वाटलं, बाबांचं जुनं काही वाचावं, म्हणून ती झाकलेली ओळ दाबली. त्रेचाळीस पत्रं होती. शेवटची तीन फेब्रुवारीतली. त्यातलं शेवटचं जसंच्या तसं उतरवते.

‘चि. जान्हवीस आशीर्वाद. मागील दोन्ही पत्रांचे उत्तर नाही, कामात असशील. जिना चढताना छातीत भरून येते, डावा हात जड होतो. योगेंद्रास कळवू नये. पीथमपूरच्या कारखान्यात त्याच्या कायम होण्याचे चालले आहे, या महिन्यात खाडा नको. सूनबाईस कळले तर ती त्याला सांगितल्यावाचून राहणार नाही, म्हणून तिच्यापुढे मी हसतखेळत असतो. तू आलीस की आपण दोघे गुपचूप इंदूरला दाखवून येऊ. उत्तर सवडीने दे. घाई नाही.’

पंधरा तारखेचं आहे. अठराला ते गेले.

आता तेराव्याचा दिवस आठव. सगळी माणसं जेवायला बसायची होती. तू वहिनीला विचारलंस, “चोवीस तास घरात असता, आणि माणूस खंगताना दिसला नाही तुम्हांला?” ती पदर धरून उभी होती. एवढंच म्हणाली, “वन्सं, मला खरंच नाही हो कळलं.” आणि तू म्हणालीस, या घरात पुन्हा पाणी पिणार नाही. मी तुझ्या मागेच होते. फोन माझ्या मुठीत होता. मला तीन दिवसांपासून सगळं माहीत होतं, आणि मी पत्रावळी मांडायला निघून गेले.

तेव्हापासून वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार ती खातेय. योगेंद्रदादा तिच्याशी धड बोलत नाही. त्यालाही तुझंच खरं वाटतं. भाऊबीजेला मी धारला गेले, तर तिनं दोन तबकं तयार ठेवली होती, एक माझं आणि एक तुझं. दुपारी चारपर्यंत तुझ्या तबकातलं निरांजन तिनं विझू दिलं नाही. मला म्हणाली, “जान्हवीताई, बाबांनी तुमच्याजवळ तरी कधी काही काढलं होतं का हो?” मी नाही म्हटलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. कुणी ‘बाबा’ म्हटलं तरी मला वाटतं, कळलं यांना. सेटिंग मी काढून टाकलं, पण आता काढून काय उपयोग? ते लिहीत होते तेव्हा मी पानावर एका फोटोखाली ‘घरून काम केल्यानं घरच्यांना वेळ देता येतो’ असं लिहिलं होतं. शेवटचं पत्र त्याच फोटोखाली आहे. लोकांनी फार वाखाणलं होतं ते.

माघ वद्य षष्ठीला वर्षश्राद्ध. वहिनीनं तुला बोलावणं पाठवलं, तू उत्तर दिलं नाहीस. अक्का, तुझा राग खरा आहे, फक्त माणूस चुकलं. तो राग माझ्या वाट्याचा आहे, मला दे. या रविवारी मी धारला जाऊन दादासमोर वहिनीला हे सगळं सांगणार आहे, फोन तिच्या हातात देणार आहे. तुला आधी लिहितेय, कारण तो शब्द तू बोललीस आणि मी तो तुला बोलू दिला. मला माफ कर असं म्हणत नाही. श्राद्धाला ये आणि तिच्या हातचं पाणी पी, एवढंच. माझ्याशी बोलली नाहीस तरी मी पानं वाढीन.

वहिनीला तुझा फोन रविवारच्या आत येऊ दे. मोठ्यांना असं लिहू नये, पण लिहिते: उत्तर सवडीने देऊ नकोस.

तुझी,
जान्हवी