उखळातलं सुरूचं झाड

बाबा, उद्या मला शेणव्याच्या अलीकडे एका बंगल्यावर नाताळची सजावट करायला जायचंय. बाई मुंबईच्या आहेत, पण त्यांना झगमगाट नको. "सगळं गावाकडचं पाहिजे, प्लास्टिक अजिबात नको," असं त्यांनी फोनवर सांगितलं आणि मला हसूच आलं, कारण हेच वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुमच्या मागे उभी होते. सुपं, टोपल्या, दोन जुने कंदील, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या असं सगळं ओटीवर मांडून ठेवलंय. नवरा येता-जाता म्हणतो, "एवढी सजावट आपल्या लग्नाला पण नव्हती." तो चेष्टेनं म्हणतो. पण आमच्या लग्नाचा विषय निघाला की मला तुमची आठवण येते, आणि ती चांगली येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे कधी तुमच्यापाशी बोलले नाही. तुम्ही होतात तेव्हा तर नाहीच.

टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, मॅडमचं फार्महाउस झालं तेव्हा तुम्ही तिथे माळी, राखणदार आणि सुतार असं तिन्ही होतात. "दादाचं उखळ पांढरं झालं," असं काका म्हणायचा आणि तुम्हाला ते आवडायचं. मॅडम ख्रिश्चन, नाताळला त्यांची सगळी माणसं मुंबईहून यायची. पहिल्या वर्षी चमकीच्या माळा आणि चांदण्या गाडीतून आल्या. पुढच्या वर्षी मॅडमनी कुठल्याशा मासिकात विलायतेतल्या खेड्यातली घरं पाहिली आणि ठरवलं, की आपलंही घर तसंच दिसलं पाहिजे. विलायतेतलं खेडं मुरबाडात कुठून आणायचं? तुम्ही जरा डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "मॅडम, आमचं खेडं हाय ना." त्या दिवशी मला तुमचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! माझा बाप कुणापुढे अडत नाही, असं मला वाटलं.

मग आपण दोघं आठवडाभर तेच करत होतो. तुम्ही बांबूच्या काड्या तासता आहात, मी सुतळीनं चांदणी बांधते आहे. पावसाळ्यात डोक्यावर घ्यायचं इरलं तुम्ही उलटं टांगलंत आणि त्यात दिवा सोडलात, तर मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. बैलांच्या घुंगरमाळा दाराला लागल्या. वरांड्याच्या कोपऱ्यात पेंढ्याचा गोठा झाला, त्यात त्यांचा बाळ येशू निजणार होता. मी त्याच्या खाली मऊ पेंढा पसरला, वासराला पसरतो तसा. सगळं झालं आणि झाडावर येऊन अडलं. सुरूचं रोप मुंबईहून आलं होतं, पण त्याची कुंडी प्लास्टिकची. मॅडम तिच्याकडे बघून नाक मुरडत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "उखळात लावू."

आईचं उखळ. आजोबांनी ऐनाच्या लाकडाचं कोरून तिच्या लग्नात शेणव्याहून बैलगाडीत घालून दिलं होतं ते. भात सडायला गिरण आली तेव्हापासून ते पडवीत नुसतं उभं असायचं, पण आई दर सणाला त्याला हळदकुंकू लावायची. तुम्ही ते उचलायला आलात तेव्हा ती चुलीपुढून उठून दारात आली.

"ते नाय द्यायचं. पोरीची हळद त्यात कांडायची हाय."

"आगो, चार दिसांचा तर प्रश्न. नाताळ झाला का परत आणतो. पोरीचं लगीन काय उद्या हाय?"

"गाय मागायला आले तरी घरच्या बाईला विचारतात. तुमी तर नेऊनच ऱ्हायलात."

"इचारतोय ना आता."

"हे इचारणं नाय, हे सांगणं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. मी तुमच्या बाजूची होते, बाबा. नेहमीच असायचे. उखळाची एक बाजू तुम्ही धरलीत, दुसरी मी, आणि टेम्पोत चढवलं.

फार्महाउसवर तुम्ही ते मागच्या शेडकडे घेऊन गेलात आणि मला मॅडमबरोबर लोंब्या बांधायला पाठवलंत. परत आले तेव्हा त्यात माती भरून, रोप लावून, वर पेंढा पसरून झालं होतं. "माती कशाला भरली? आय बोलंल," मी म्हटलं, तर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. "धुऊन घिऊ. लाकूडच हाय ते." संध्याकाळी पाहुणे आले, कंदील लागले. ते काळं उखळ, त्यातून वर गेलेलं हिरवं झाड, झाडावर कापसाची बोंडं आणि लाल गुंजांच्या माळा. कुणीतरी विचारलं हे कुणी केलं, आणि मॅडमनी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही नव्या शर्टात हात जोडून उभे होतात आणि तुमची मान नेहमीपेक्षा ताठ होती.

उखळ परत आलं, तुमचा शब्द तुम्ही पाळलात. घासून धुतलेलं, आधीपेक्षा चकचकीत. आईनं त्याच्यावरून हात फिरवला आणि त्याला हळदकुंकू लावलं, म्हणजे बरं चाललंय असं आपण समजलो. माझं लग्न तुमच्या म्हणण्याइतकं लांब नव्हतं. आटगावाकडचं स्थळ आलं आणि त्याच उन्हाळ्यात दारात मांडव पडला.

हळदीचा दिवस मला अजून आत्ता घडतोय असा दिसतो. उखळ मांडवात मधोमध आणलंय, मुसळाला आंब्याची पानं बांधलीत, पाच सवाष्णी हळकुंडं कांडताहेत. मी पाटावर. धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणते आहे, आवाज बसलाय तरी थांबत नाही. नवऱ्याकडच्या चार बायका हळदीला आल्यात, त्यांत माझी होणारी सासू. कांडून झाल्यावर हळद सुपात ओतायला दोघींनी उखळ उचललं, आणि खाली सारवलेल्या भुईवर हळदीचा पिवळा ढीग राहिला. ढिगात एक लाकडी खुंटी. धवलारीण ओळीच्या मध्येच गप्प झाली.

आत्यानं उखळ आडवं केलं. बुडाला भोक होतं, गोल, कडा साफ. उंदीर असं भोक पाडत नाही, वाळवी पाडत नाही. असं भोक सुताराच्या गिरमिटानं पडतं, आणि आपल्या आळीत गिरमिट एकाच घरात होतं. पाणी तुंबून मॅडमचं झाड कुजू नये म्हणून तुम्ही ते पाडलंत, मग बेतशीर खुंटी तासून ठोकलीत आणि वरून काजळी चोळलीत, इतकी सफाईनं की आईच्या हातालासुद्धा लागली नाही. कांडताना खुंटी निसटली, एवढंच काय ते तुमचं चुकलं. मला हे सगळं एका क्षणात कळलं आणि मी मान वर करून तुमच्याकडे पाहिलं. तुम्हीही माझ्याकडेच बघत होतात. मला कळलंय हे तुम्हाला कळलं होतं.

"काय रे हे? सवाष्णीच्या उखळाला भोक?" आत्यानं विचारलं.

आणि तुम्ही म्हणालात, "मला काय ठाव? नाताळाला हीच घेऊन गेली होती फार्महाउसवर. काय केलं तिचं तिला म्हाईत."

बाबा, तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर? पण अंगाला हळद लागायच्या दिवशी भरल्या मांडवात पोरगी बापाला खोटं पाडत नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ. हे तुम्ही जाणून होतात, म्हणूनच तुम्ही माझं नाव घेतलंत. काकाचं घेतलं असतंत तर त्यानं तिथल्या तिथे तुमची खोड मोडली असती. आईनं माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते तिला माझ्या गप्प बसण्यावरून समजलं की नाही, मी कधी विचारलं नाही. भुईवर पडलेली हळद नवरीला लावत नाहीत, म्हणून काकीला दुकानात पिटाळलं. मला हळद लागली ती पुडीची.

सासूनं ते लग्नानंतर पुरवून पुरवून वापरलं. ती वाईट बाई नव्हती, पण तिला एक गंमत सापडली होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती. घागर गळली, बादलीला चीर गेली, कौलातून थेंब पडला, की म्हणायची, "सुनबाईनं हात लावला असंल गो." शेजारीण ताक मागायला आली की मला आवाज, "तू नको देऊस, भांड्याला भोक पाडशील." सगळे हसायचे. नवराही हसायचा, मग मीही हसायला शिकले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाला निदान एकदाच देतात.

तरी मी तुमची वाट बघायचे. दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं, मग टेम्पोनं, आटगावला यायचात. मॅडमनी दिलेला केक वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला, प्रवासात चेपलेला. तुम्ही खाटेवर बसायचात, पाणी मागायचात, "बरी हायेस ना गो?" विचारायचात. मी पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्यासमोर लागेल त्यापेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहायचे. मोठं काही नको होतं मला. सासूला ऐकू जाईल असं एक वाक्य हवं होतं. एका वर्षी सासू तुमच्यासमोरच म्हणाली, "व्याही, तुमच्या लेकीला तांब्या दिला, आता बघा गळतो का." आणि तुम्ही हसलात. हात मांडीवर मारून हसलात. मांडवातलं खोटं एक वेळ भीतीनं आलं असेल, ते मी माझ्या मनाला समजावत आले होते. पण त्या हसण्याला कुणाची भीती होती? तो केक मी मुलांना वाटला. मी कधीच खाल्ला नाही, तुम्ही विचारलंही नाहीत. नंतर एका पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. मी पोचले तेव्हा तुमची वाचा गेली होती. तुमचा हात माझ्या हातात होता आणि तेव्हासुद्धा मी तुमच्या ओठांकडेच बघत होते.

तेराव्यानंतर आईनं उखळ माझ्याकडे पाठवून दिलं, सोबत तुमचं गिरमिट. निरोप काहीच नव्हता. उखळ मागच्या दारी पडून असतं, बुडाला ते भोक तसंच. उद्याच्या बाईंनी विचारलं, "झाडासाठी काही जुनं, लाकडी मिळेल का?" आणि मी हो म्हणून बसले. आज दुपारी ते ओढून पुढे आणलं आणि घासलं. धाकटी विचारत होती, आई, याला भोक कुणी पाडलं? माझ्या सासूनं तिला माझंच नाव सांगितलेलं असणार. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी." एवढे दोनच शब्द, बाबा. बोलायला किती सोपे आहेत.

हे कुठे पाठवायचं नाहीच. पण लिहायला बसलेच आहे तर राहिलेलं सांगते. त्या संध्याकाळी कंदील लागल्यावर आईच्या उखळात ते झाड उभं राहिलं ना, तेव्हा इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. तुम्ही मला शेडमागे बोलावून सांगितलं असतंत, "पोरी, झाड जगायचं तर भोक पाडायला लागंल, आयला नको बोलूस," तर मी नाही म्हटलं नसतं. उखळ मीच घट्ट धरून ठेवलं असतं.