ओटीतल्या तांदळाची गोष्ट

आत्याबाई, तुमच्या एका गोष्टीपायी गेले काही दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. तुमचा मुलगा ताटावर बसतो, मुकाट्यानं जेवतो आणि उठून गोठ्यात जातो. धाकल्या सासूबाईंच्या घराचं आपल्याकडचं दार बंद आहे. ज्यांच्यामुळं हे झालं त्या तुम्ही मात्र सुटलात, कारण तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. तुम्ही होता तेव्हा फोन करायचा तर एसटी धरून भोरला जावं लागायचं, आणि एसटी चुकली तर निरोप दुसऱ्या दिवसावर जायचा. आता मी, तुमची सून, फोनवर गोष्टी सांगते आणि त्या गोष्टींवर आपला तांदूळ विकते. हे तुम्हाला समोर बसून सांगितलं असतं तर तुम्ही आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसला असतात, आणि मग विचारलं असतं की लोक तांदूळ शिजवून बघायच्या आधी गोष्टीवर कसा घेतात.

घेतात, आत्याबाई. आम्ही गावातल्या बायकांनी गट करून आपला आंबेमोहर पिशव्यांत भरून विकायला काढला, तेव्हा पहिल्या वर्षी कुणी विचारलं नाही. हायवेला किकवीत माझ्या भावाच्या दारात टेबल मांडून बसलो, गाड्या भुर्रकन निघून जायच्या. मग भोरला गटाच्या बायकांसाठी एक शिबिर झालं. पुण्याहून एक तरुण मुलगी शिकवायला आली होती. मोबाईल कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, वारा असला तर आवाज कसा सांभाळायचा, हे तिनं फार जीव लावून शिकवलं. ती म्हणाली, तांदूळ किती चांगला आहे हे सांगू नका, ते सगळेच सांगतात. तांदळामागचं माणूस दाखवा. आणि गोष्ट एका व्हिडिओत संपवू नका, माणूस उद्या परत आलं पाहिजे. बाकीच्या बायका लिहून घेत होत्या आणि मला मात्र तुम्ही दिसत होता, इरलं पाठीवर घेऊन, पोटरीएवढ्या चिखलात.

ती माझी पहिली लावणी. मी किकवीची, ज्वारी-भुईमुगातली, भाताचं रोप हातात कसं धरतात ते मला ठाऊक नाही. सावडीला घराघरांतल्या बायका आल्या आहेत. आज त्या आपल्याकडे, उद्या आपण त्यांच्याकडे, मजुरी कुणी कुणाला देत नाही. कंबर मोडून आली आहे आणि तुम्ही ओळीत सगळ्यांच्या पुढे, वाकूनच गोष्ट सांगताय. घाटाखालच्या एका सासुरवाशिणीची शेळी, रोज संध्याकाळी चरून येते आणि मुद्दाम दुसऱ्याच्याच घरात शिरते. मग तिला शोधायला ही बाई दारोदार जाते आणि प्रत्येक दारात काहीतरी ऐकून येते. एक खाचर लावून झालं, पाय बांधाला लागले, की तुम्ही गप्प. मी नवी, मला राहवलं नाही, मी विचारलं शेळी आज कुणाच्या घरात गेली? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाय पुडं टाक. शेळी फुडल्या खाचरात हाय." सगळ्या बायका हसल्या आणि माझी कानशिलं तापली. पण मी पुढच्या खाचरात उतरले. सगळ्याच उतरल्या. आपल्या लावणीला कधी बाई कमी पडली नाही ती त्या शेळीमुळं, हे मला पुढं कळलं.

म्हणून मीही तसंच करायला लागले. एक व्हिडिओ म्हणजे एक खाचर. काठीला मोबाईल बांधायचा, लावणी करता करता, झोडणी करता करता तुमची एखादी गोष्ट सांगायची आणि बांध आला की थांबायचं. आपल्या घरात रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जायचं आणि तिथून व्हिडिओ टाकायचा. सुरुवातीला गटातल्या बायका मला वेडी म्हणायच्या. मग लोक विचारायला लागले, पुढं काय झालं, सासूबाईंनी मग काय केलं? आणि त्याच्याच खाली, तांदूळ कुठं मिळेल? सकाळच्या एसटीनं पोती भोरला जायला लागली, तिथून कुठं कुठं. ज्या बायकांना भात व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालताना मान खाली घालावी लागायची त्या आता फोनवर स्वतःचा भाव सांगतात. तुमच्या शेळीनं एवढं केलं आहे, आणि याचा मला अभिमान आहे.

पण सगळ्यांत जास्त चालली ती बियाण्याची गोष्ट. बी भिजत घालायच्या दिवशी तुम्ही दर वर्षी ती सांगायचा. तुम्ही वेल्ह्याकडच्या माहेराहून डोंगर उतरून सासरी यायला निघालात, आईनं ओटी भरली. वाटेत पाऊस, ओढ्याला पाणी, पण तुम्ही ओटी भिजू दिली नाही, आणि तीच ओटी आपल्या खाचरात पेरली. सगळ्या गावानं दुकानाचं नवं बी धरलं तरी आपल्या घरात आईच्या ओटीतला आंबेमोहर राहिला. मी हे सांगितलं आणि लोकांनी अक्षरशः रडून लिहिलं. कुणाला आपली आई आठवली, कुणाला आजी. आम्ही नव्या पिशव्या छापून घेतल्या, त्यांवर मोठ्या अक्षरांत: सासूबाईंच्या ओटीतून आलेला तांदूळ.

धाकल्या सासूबाईंच्या नातीनं तो व्हिडिओ त्यांना दाखवला. तुमच्या जाऊबाई अजून आहेत, आत्याबाई, कान-डोळे शाबूत. वाटणीवरून तुमच्या दोघींचं बोलणं बंद झालं ते तुमच्या शेवटापर्यंत, पण मागनं सुना-सुनांचं जमलं, त्यांची सून माझ्याच गटात आली आणि त्यांच्या खाचरांचा भात आमच्या पिशव्यांत यायला लागला. व्हिडिओ बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सून आली आणि म्हणाली, सासूबाईंनी सांगितलंय, आमचा भात तुमच्या पिशवीत जाणार नाही आणि लावणीच्या सावडीला आम्ही येणार नाही. गटातला निम्मा भात त्यांचा. त्यांची खाचरं गेली तर पिशव्या भरायच्या कशानं? मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले. धाकल्या सासूबाई, ज्यांना मी काकी म्हणते, ओसरीवर सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ओटीत काय घालत्यात? तांदूळ. आन् तांदूळ पेरून कदी उगावलाय व्हय?"

इतकी वर्षं मी भात लावते, भात झोडते, गिरणीत नेऊन कांडून आणते. टरफल गेलेला दाणा रुजत नाही हे शेंबड्या पोराला कळतं. आणि तुमच्या गोष्टीतला ओढा, पाऊस, तुमची भिजलेली पाठ हे सगळं मला इतकं खरं वाटत होतं की ओटीतल्या दाण्याकडे मी कधी बघितलंच नाही. व्हिडिओ बघणाऱ्या शहरातल्या माणसांना दोष कसा द्यायचा?

मग काकींनी खरं काय ते सांगितलं. एका वर्षी आपली कणगी ओली झाली, बी काळं पडलं. जुना आंबेमोहर तेव्हा फक्त त्यांच्याकडे उरला होता, कारण दुकानाचं बी घ्यायला त्यांनी घरात हट्टानं नकार दिला होता. वाटणी नुकतीच झालेली, बोलणं बंद. सगळी शेतावर गेल्यावर भर दुपारी तुम्ही त्यांच्या मागच्या दारात गेलात, आणि त्यांनी मोजमाप न करता तुमची पाटी भरून दिली. एवढंच. त्यानंतर तुम्ही ओटीची गोष्ट रचलीत आणि त्या ऐकत राहिल्या. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत? काकी म्हणाल्या, "ती गावात सांगायची तवर माजं काय म्हननं नव्हतं. ती नुसती गोष्ट हाय ह्ये हितं समद्यास्नी ठावं हुतं. तू जगाला सांगितलंस."

मला तुमचा राग आला, आत्याबाई. स्पष्टच सांगते, फार आला. गावात तुमची गोष्ट ही गोष्ट होती. ऐकणारी हसायची, सोडून द्यायची. माझ्या फोनवरून तीच गोष्ट बाहेर गेली आणि सरकारी दाखल्यासारखी खरी होऊन बसली, पिशवीवर छापली गेली. जिनं बी जपलं तिचं नाव कुठंच नाही आणि तिच्याच खाचरातला भात त्या पिशवीत.

घरी येऊन मी सांगितलं की नवा व्हिडिओ करणार, खरं सांगणार. तुमचा मुलगा कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी म्हणाला, "आईला चारचौगांत खोटं पाडू नगंस. मेलेल्या मानसाला उत्तर देता येत न्हाई." मी म्हणाले, जित्या माणसाला तरी कुठं देता आलं इतकी वर्षं? तेव्हापासून तो गप्प आहे. गटातल्या बायका घाबरल्या आहेत. त्यांचं म्हणणं, गोष्ट खोटी म्हटलं की लोक तांदूळही खोटा म्हणतील, आणि एवढं कष्टानं उभं केलेलं चार दिवसांत बसेल. त्या चुकीचं बोलत नाहीत. पुण्याच्या त्या मुलीला मी फोन केला. तीही म्हणाली, काही लोक जातील हे धरून चाला. पण सांगायचंच असेल तर एका दमात सांगा आणि मागं गाणं लावू नका.

मी पुन्हा काकींकडे गेले. एकदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा नुसतं ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, तोंड दाखवायचं नाही, हात दाखव. म्हणून व्हिडिओत त्यांचे फक्त हात आहेत, सुपात डाळ निवडणारे, आणि त्यांचा आवाज. कणगी, मागचं दार, पाटी, सगळं त्या सांगतात. आधी मी सांगते की ओटीची गोष्ट माझ्या सासूची होती, ऐकायला गोड होती, आणि बियाणं मात्र शेजारच्या घरचं आहे. आज दिवसभर गटातल्या बायका माझ्या ओसरीवर बसून छापलेल्या पिशव्यांवरच्या त्या ओळीवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. कुरकुर करत होत्या, पण चिकटवत होत्या. चिठ्ठीवर लिहिलंय: जावेनं जावेला दिलेलं बियाणं. काकींच्या सुनेनं ते वाचलं आणि डिंकाची वाटी स्वतःकडे ओढून घेतली. लोक राहतील की जातील मला ठाऊक नाही. गेले तर शेळीची गोष्ट आहेच, पुन्हा पहिल्या खाचरापासून सुरू करीन. तुम्ही दर वर्षी करायचाच की.

उद्या उजाडलं की टाकीपर्यंत चढून जाणार आणि व्हिडिओ टाकणार. हे जे लिहिते आहे ते कुठंच टाकायचं नाही, पण यातलं एक तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. पाटी भरून झाल्यावर तुम्ही काकींच्या मागच्या दारात, पाटी मांडीवर घेऊन, तोंडात पदर कोंबून रडलात, हेही त्यांनी बोलण्याच्या भरात सांगितलं होतं. सगळं खरं सांगणार, काही लपवणार नाही, असं मी तुमच्या मुलाला आणि गटातल्या बायकांना ठणकावून सांगून बसले होते. व्हिडिओ जुळवताना तेवढं मी कापलं. मग फोनातूनही पुसून टाकलं. काकींना उद्या दाखवीन तेव्हा त्यांच्या ते लक्षात येईल, आणि मला वाटतं त्या विचारणार नाहीत.